मोटारीचीं चाकें कशीं धुवावीं ?

मे महिन्याची सुटी लागली म्हणजे मुलांच्या अंगावर घरचीं जीं बारीकसारीक कामें पडतात, त्यांत हल्लीं मोटार धुण्याचें काम बरेंच वरचें स्थान पटकावून बसलें आहे. बादलीभर पाणी, एखादें फडकें आणि हाताला येईल तो साबण, एवढ्या सामग्रीवर हें काम होतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु चाकांशीं गांठ पडली, कीं ही समजूत पुरी पडत नाहीं. कारण ‘चाक’ या एका नांवानें आपण जें ओळखतों, त्यांत वस्तुतः अगदीं भिन्न स्वभावाच्या दोन वस्तु एकमेकींस बिलगून बसलेल्या असतात. बाहेरचा काळा टायर रबराचा. आंतलें चकचकीत कडें, ज्यास बाजारांत रिम म्हणतात, तें धातूचें व वर पातळ लेप चढविलेलें. एकास जें औषध, तेंच दुसऱ्यास विष होऊं शकतें. हा भेद नीट समजावून द्यावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याला एक कारणहि घडलें. आमच्या परिचयाच्या एका घरीं वडील स्वतःची मोटार प्रवाशांच्या भाड्यावर चालवितात. कर्ज काढून घेतलेल्या त्या मोटारीवरच घराचा चरितार्थ चालतो. नाताळच्या आदल्या दिवशीं दुपारीं वडील विश्रांति घेत असतां, त्यांच्या नववींतल्या मुलाच्या मनांत आलें, कीं उद्यां सणाला गाडी आरशासारखी लखलखली पाहिजे. टायरवरचा तपकिरी थर साबणानें निघेना, तेव्हां त्यानें न्हाणीघराची फरशी धुण्याच्या आम्लाची बाटली आणली, चारी चाकांवर ती ओतली आणि काथ्याच्या चोथ्यानें तीं खसखसून घासलीं. ऊन कडक होतें. पाणी आणावयास तो गेला, तेवढ्यांत आम्ल चाकांवरच वाळलें. संध्याकाळीं पाहतात तों कड्यांच्या चकाकीवर पांढुरके डाग पडलेले, जेथें पूर्वीं खडे लागून टवके उडाले होते तेथें लेप पापुद्र्यासारखा सुटलेला, आणि आंतल्या ब्रेकच्या तबकड्यांवर तांबूस गंज चढलेला ! मुलाचा चेहरा उतरला. वडील रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, “बाळा, तूं चाकें धुतलींस हें चांगलेंच केलेंस. पण बाटलीवर काय लिहिलें आहे, तें वाचलेंस का ?” पुढें तीं कडीं खरवडून त्यांवर पुन्हां लेप चढविण्यांत सणासुदीचे तीन दिवस भाड्यावांचून गेले. मुलाच्या हातांत श्रम होते, मनांत प्रेम होतें. उणें होतें तें फक्त ज्ञान.

बैलगाडीचें चाक ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हा विषय लवकर समजेल. त्या चाकाच्या मध्यें तुंबा, तुंब्यापासून निघालेले आरे, आऱ्यांस बाहेरून जोडणारे लांकडाचे वांकदार तुकडे, आणि या सर्वांवर लोखंडी धांव. लोहार ती धांव तापवून चाकावर बसवी आणि लगेच पाणी ओती. थंड होतांना लोखंड आक्रसे आणि लांकडास घट्ट धरी. जमिनीशीं झुंजण्याचें काम धांवेचें आणि भार तोलण्याचें काम लांकडाचें, अशी ती वांटणी होती. मोटारीच्या चाकांतहि तीच वांटणी आहे. टायर ही त्याची धांव, आणि आंतलें कडें व त्याचे आरे हें खरें चाक. दोघांचें काम वेगळें, म्हणून घडण वेगळी; आणि घडण वेगळी, म्हणून निगाहि वेगळी.

प्रथम टायर घेऊं. रबराच्या झाडाचा चीक नुसता वाळवून वापरला, तर तो उन्हांत चिकट आणि थंडींत कडक होतो. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यांस असें आढळून आलें, कीं रबरांत गंधक मिसळून तें तापविलें असतां हा दोष जातो. पुढें १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप या मूळच्या स्कॉटिश पशुवैद्यांनीं बेलफास्ट येथें हवेनें फुगविलेल्या टायरचें पेटंट घेतलें. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे धक्के कमी व्हावे, हा त्यांचा आरंभींचा उद्देश होता. आरंभीचे टायर पांढुरके असत. पुढें रबरांत काजळी मिसळूं लागले, आणि टायर काळे झाले. हा काळेपणा केवळ शोभेचा नव्हे. काजळीनें रबर झिजेस टिकतें, आणि सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांपासूनहि त्याचें रक्षण होतें.

रबराचा दुसरा शत्रु म्हणजे हवेंतील ओझोन वायु. त्याच्या माऱ्यानें रबरास बारीक भेगा पडतात. म्हणून कारखानदार रबराच्या घाण्यांतच एक प्रकारचें मेण आणि ओझोनास अडविणारीं द्रव्यें घालून ठेवतात. हीं द्रव्यें आंतून हळूंहळूं पृष्ठभागावर येत राहतात, तेथें हवेशीं त्यांचा संयोग होतो आणि तीं तपकिरी पडतात. त्या मुलास न निघणारा जो थर दिसला, तो बऱ्याच अंशीं हाच. म्हणजे टायरचा तपकिरीपणा हा नुसता रस्त्याचा मळ नव्हे. टायरनें स्वसंरक्षणार्थ खर्ची घातलेली सामग्रीहि त्यांत आहे. तो थर धुऊन काढण्यास हरकत नाहीं, कारण आंतून नवें द्रव्य येतच असतें. मात्र तो काढण्यासाठीं रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल लावण्याची जी चाल कोठें कोठें दिसते, ती सर्वथा टाकून द्यावी. या तेलांनीं रबर फुगतें, मऊ पडतें, आणि त्यांतील रक्षक द्रव्यें धुऊन जातात. शिवाय आगीचें भय आहेच.

आतां कड्याकडे वळूं. आपल्या स्वयंपाकघरांत तांब्यापितळेच्या भांड्यांस आंतून कल्हई करीत. कथलाचा तो थर अतिशय पातळ. परंतु आमटी अथवा ताक कळकूं नये, ही राखण तोच करी. शहाणी गृहिणी भांडें बाहेरून चिंच-मीठ लावून हवें तसें घाशी, पण आंतल्या कल्हईला वाळूचा चोथा लागूं देत नसे. बाहेरचें पितळ आणि आंतली कल्हई एकाच भांड्याच्या दोन बाजू. तरी दोहोंची घासण निराळी. चाकाचें नेमकें असेंच आहे. टायर हें बाहेरचें पितळ, तें घासणीस भीत नाहीं. कड्यावरचा लेप ही कल्हई. तिला घासणी नव्हे, हळुवार हात हवा.

हा लेप सर्व चाकांवर एकाच जातीचा नसतो. साध्या गाडीचीं कडीं पोलादाचीं असून त्यांवर रंग दिलेला असतो, आणि पुष्कळदां त्यांवर प्लास्टिकचें झांकण बसविलेलें असतें. दुसरीं कडीं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं. यांसच बाजारांत अलॉय म्हणतात. त्यांवर बहुधा तीन थर असतात: खालीं अस्तर, मध्यें रंग, आणि सर्वांवर कांचेसारखें पारदर्शक रोगण. हें पारदर्शक रोगण माणसाच्या केसाहून बहुधा जाड नसतें. कांहीं कड्यांचा दर्शनी भाग यंत्रावर कातून चकाकता ठेवलेला असतो, आणि त्यावर रंग नसून केवळ पारदर्शक रोगण असतें. अशा चाकास एखादा टवका उडाला, कीं त्या वाटेनें पाणी व क्षार आंत शिरतात, आणि रोगणाच्या खालून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पसरत जातात. कांहीं लोक याहिवर मेण किंवा सिरॅमिक लेप चढवून घेतात. सिरॅमिक लेप सिलिकेच्या जातीचा असतो. तो नवा असतांना त्यावरून पाणी अळवाच्या पानावरच्या थेंबांप्रमाणें घरंगळून जातें, आणि मळ घट्ट बसत नाहीं. परंतु कोणताहि लेप अमर नाहीं. चुकीच्या द्रव्यानें मेण एका धुण्यांत जाऊं शकतें, आणि सिरॅमिकचेंहि आयुष्य घटतें.

येथें शाळेंतील रसायनशास्त्राचा पाठ उपयोगीं पडतो. पदार्थ आम्ल आहे कीं अल्क आहे, हें मोजण्याची पीएच नांवाची मोजपट्टी १९०९ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेनसेन यांनीं सुचविली. शुद्ध पाण्याचा पीएच ७. त्याहून खालीं आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस २ च्या आसपास. कपडे धुण्याच्या साबणाचें पाणी ९-१० च्या घरांत. धुण्याच्या सोड्याचें पाणी ११ च्या सुमारास. आणि यंत्रांवरचें ओंगण काढण्याचीं कडक द्रव्यें १२-१३ पर्यंत जातात. या मोजपट्टीची खुबी अशी, कीं तिची एक पायरी म्हणजे दहापट. पीएच ८ आणि पीएच १२ यांत अंतर चार पायऱ्यांचें दिसतें. पण अल्कतेचा फरक दहा हजारपट असतो.

ॲल्युमिनियम हवेंत उघडें पडतांच त्यावर त्याच्याच ऑक्साइडचें एक अतिसूक्ष्म कवच तयार होतें, आणि तें धातूचें रक्षण करतें. हें कवच सुमारें ४ पासून ८.५ पर्यंतच्या पीएचमध्यें टिकाव धरतें. त्याच्या अलीकडे आम्ल त्यास विरघळवितें, पलीकडे अल्क विरघळवितें. आणि मग उघड्या धातूवरच हल्ला होतो. ॲल्युमिनियमचें पातेलें सोड्याच्या पाण्यानें धुतलें असतां काळवंडतें, तें याच कारणानें. न्हाणीघराच्या बाटलींत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. रोगण अखंड असेल, तर तें अशा आम्लास कांहीं काळ दाद देणार नाहीं. पण तापलेल्या चाकावर तें वाळलें, किंवा टवक्याच्या वाटेनें आंत गेलें, म्हणजे काय होतें, हें वरील हकीकतींत आलेंच आहे. सबब कड्यासाठीं जो शांपू घ्यावयाचा, त्यावर ‘पीएच न्यूट्रल’ असें लिहिलेलें पाहून घ्यावें. मोटारीचा अंगभर वापरावयाचा साधा शांपू बहुधा याच जातीचा असतो, आणि नेहमींच्या मळास तो पुरेसा आहे.

बाजारांत चाकें धुण्याचीं जीं कडक द्रव्यें मिळतात, त्यांपैकीं कांहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतें. हीं नांवें बाटलीवर दिसलीं, तर मुलांनीं ती उघडूंच नये, आणि पालकांनींहि ती घरीं ठेवूं नये. हें आम्ल कातडीतून आंत शिरून शरीरांतील कॅल्शियमशीं संयोग पावतें. आरंभीं वेदना नसल्यामुळें मनुष्य गाफील राहतो, आणि इजा मात्र खोलवर होते. चाकाच्या चकाकीपेक्षां हाताचें मोल निश्चितच अधिक आहे.

टायरच्या तपकिरी थराप्रमाणें कड्यावरहि एक विशेष मळ बसतो, तो ब्रेकच्या भुकटीचा. ब्रेक दाबला म्हणजे ओतीव लोखंडाच्या तबकडीवर ब्रेकचे पॅड घासतात, आणि दोहोंची झीज होऊन बारीक तप्त कण उडतात. ते कड्यावर बसतात, कांहीं लेपांत रुततात, आणि त्यांतील लोखंड गंजून तपकिरी ठिपके दिसूं लागतात. पुढच्या चाकांवर हा मळ अधिक असतो, कारण गाडी थांबवितांना भार पुढें येऊन पुढच्या ब्रेकांवर अधिक काम पडतें. असे ठिपके शांपूनें निघाले नाहींत, तर ते खरवडूं नयेत. लोह काढण्याचें एक निराळें द्रव्य मिळतें. त्यांत बहुधा थायोग्लायकोलेट जातीचें रसायन असून, लोखंडाशीं गांठ पडतांच तें जांभळें होतें. वास मात्र उग्र असतो. त्याचा पीएच उदासीनतेच्या जवळ राखलेला असल्यास लेपास धोका कमी. तरीहि हातमोजे घालून, सावलींत, बाटलीवर सांगितलेल्या मिनिटांपुरतेंच तें ठेवावें, वाळूं देऊं नये, आणि वर्षांतून दोनतीन वेळांहून अधिक त्याचा आश्रय घेऊं नये.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. गाडी सपाट जागीं, सावलींत उभी करावी. हातब्रेक लावावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. चाकें थंड झालीं आहेत याची खात्री करून घ्यावी. खंडाळ्याचा घाट उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेकच्या तबकड्या अतिशय तापलेल्या असतात. त्यांवर एकदम गार पाणी ओतल्यास त्या वांकण्याचा संभव असतो, आणि तापलेल्या कड्यावर साबणहि वाळून डाग धरतो. हाताची पाठ चाकाजवळ नेऊन उष्णता लागत नाहीं असें दिसलें, म्हणजे कामास लागावें.

सामग्री अशी असावी: दोन बादल्या, एक शांपूच्या पाण्याची व दुसरी साध्या पाण्याची, टायरसाठीं राठ केसांचा ब्रश, कड्यासाठीं मऊ केसांचा ब्रश किंवा मऊ मोजा, नटांच्या खळग्यांसाठीं दाढीचा जुना ब्रश, आणि पुसण्यास मायक्रोफायबरचीं दोन फडकीं. टायरच्या ब्रशाच्या दांड्याला तांबडा दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घाईंत तो चुकून कड्यावर फिरणार नाहीं. चाकांचीं फडकीं व ब्रश गाडीच्या अंगास कधींहि लावूं नयेत, कारण त्यांत अडकलेले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात.

एका वेळीं एकच चाक घ्यावें. पहिल्यानें नुसत्या पाण्यानें तें भरपूर भिजवून सुटी माती व वाळू वाहून जाऊं द्यावी. ही पायरी गाळली, तर तीच वाळू पुढें ब्रशाखालीं येऊन रोगण खरवडते. दाबाच्या पाण्याची नळी असेल, तर तिचें तोंड हातभर दूर धरावें. जवळून सोडलेल्या तीव्र धारेनें टायरच्या बाजूस, बाहेरून न दिसणारी, इजा होऊं शकते, आणि टवक्यापाशीं लेप उचलला जातो.

यानंतर आधीं टायर, मग कडें. हा क्रम महत्त्वाचा आहे. टायर घासतांना तपकिरी घाण कड्यावर उडतेच. कडें आधीं धुतलें, तर तें पुन्हां धुवावें लागतें. टायरवर शांपूचें पाणी घेऊन राठ ब्रशानें गोल गोल घासावें. प्रथम फेंस तपकिरी येईल. तो पाण्यानें धुऊन पुन्हां घासावें. फेंस पांढरा येऊं लागला, कीं टायर स्वच्छ झाला असें समजावें. शांपूनें काम न झाल्यास टायरसाठीं मिळणारें सौम्य अल्कयुक्त द्रव्य वापरण्यास हरकत नाहीं. परंतु तें चाकावर फवारूं नये. तें ब्रशावर घ्यावें, आणि तत्पूर्वीं कड्यावर शांपूचें पाणी फिरवून तें ओलें ठेवावें, म्हणजे चुकून शिंतोडे उडाले तरी ते पातळ होतील. काम संपतांच सर्व चाक वरून खालीं भरपूर पाण्यानें धुवावें. कड्यावर त्याचा एक थेंबहि वाळूं देऊं नये. हाच या सर्व कृतीचा आत्मा आहे.

नंतर स्वच्छ शांपूचें पाणी घेऊन मऊ ब्रशानें कडें धुवावें. आऱ्यांच्या मागची बाजू, नटांचे खळगे आणि झडपेच्या नळीभोंवतालची जागा विसरूं नये. जोर लावूं नये. मळ साबणाच्या पाण्यांत सुटूं द्यावा आणि मग पुसून न्यावा. तारेचा चोथा, काथ्या, राख आणि भांडीं घासण्याची भुकटी यांस कड्याजवळ फिरकूंहि देऊं नये. डांबराचे थेंब असल्यास लेपास चालणारें डांबर काढण्याचें द्रव्य फडक्यावर घेऊन तेवढाच डाग पुसावा, रबरास तें लागूं देऊं नये, आणि लगेच ती जागा शांपूनें धुवावी. शेवटीं पुन्हां पाणी सोडून कडें फडक्यानें कोरडें करावें. क्षारयुक्त पाणी तसेंच वाळलें, तर पांढरे ठिपके राहतात. नवा सिरॅमिक लेप चढविला असेल, तर तो बसविणाऱ्यानें सांगितलेले दिवस, बहुधा आठवडाभर, साबण लावूं नये.

टायर वाळल्यावर त्यास काळी झिलई आणण्याची हौस पुष्कळांस असते. ती भागविण्यास हरकत नाहीं. मात्र द्रव्य पाण्यावर आधारलेलें घ्यावें, स्पंजावर घेऊन टायरच्या बाजूसच पातळ लावावें, आणि उरलेलें पुसून टाकावें. जमिनीस टेकणाऱ्या नक्षीदार भागावर आणि ब्रेकच्या तबकडीवर तें कदापि लागतां कामा नये, कारण तेथील घर्षण हेंच प्रवाशांचें जीवन आहे. मोटारसायकल वळतांना कलते व टायरच्या कडेवर भार येतो. म्हणून तिच्या टायरला असली झिलई मुळींच लावूं नये. धुणें झाल्यावर वडील मंडळींनीं गाडी थोडी सावकाश चालवून दोनतीन वेळां ब्रेक हलके दाबून पाहावे, म्हणजे तबकड्या कोरड्या होतात व त्यांवर आलेला पातळ गंजहि निघून जातो.

चाक धुण्याचा खरा लाभ चकाकीहून मोठा आहे, तो परीक्षेचा. स्वच्छ टायरवर जें दिसतें तें मळक्या टायरवर दिसत नाहीं. बाजूस फुगवटा आहे काय, भेग आहे काय, नक्षींत खिळा अडकला आहे काय, हें पाहावें. नक्षीच्या खांचांत आडव्या उंचवट्याच्या खुणा असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्या खुणांच्या बरोबरीला आली, म्हणजे मोटारीचा तो टायर कायद्यानेंहि बाद ठरतो. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले आढळतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असें असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. मुलांनीं हें वाचून आपल्या वडिलांस सांगावें. या माहितीनें एखादे वेळीं घाटांतला अपघात टळेल.

आपल्या प्रदेशास अनुसरून दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पावसाळ्यांत कोंकणांतून व गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर जांभ्याची तांबडी माती बसते. ती वाळण्यापूर्वीं नुसत्या पाण्यानें धुतली तर सहज जाते. वाळल्यावर घासली तर कुरुंदाचें काम करते. तसेंच समुद्राकांठच्या हवेंत मीठ असतें, आणि वाळूंत नेलेल्या गाडीच्या चाकांस तर तें प्रत्यक्षच लागतें. अशा प्रवासाहून परततांच गोड्या पाण्यानें चाकें धुवावीं. टवक्यांतून शिरणाऱ्या गंजास मिठासारखा दुसरा साहाय्यक नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या दाराबाहेरची आहे. टायरमधील ओझोनरोधक द्रव्यांपैकीं एकाचें नांव ६पीपीडी असें आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पावसानंतर शहरांतील ओढ्यांत परतणारे कोहो जातीचे सामन मासे अंडीं घालण्यापूर्वींच मरत, याचें कारण अनेक वर्षें कळत नव्हतें. डिसेंबर २०२० मध्यें वॉशिंग्टन राज्यांतील संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं हें द्रव्य ओझोनाशीं संयोग पावून जो नवा पदार्थ होतो, तोच त्या माशांचा घात करतो. तो पदार्थ मुख्यतः रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांतून वाहून जातो. तथापि टायर घासून निघालेलें तपकिरी पाणीहि त्याच कुळीचें, आणि त्यांत साबण व ब्रेकच्या भुकटींतील धातू यांची भर. म्हणून तें विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा भाजीच्या वाफ्यांत सोडूं नये; मोरीच्या सांडपाण्याच्या वाटेनें जाऊं द्यावें. पाणीहि बादलीनेंच घ्यावें, नळी मोकळी सोडून ठेवूं नये. आपलें चाक स्वच्छ करतांना दुसऱ्याचें पाणी मळविणें ही स्वच्छता नव्हे.

सारांश, राठ ब्रश टायरला, मऊ हात कड्याला. आधीं टायर, मग कडें. द्रव्य सौम्य, पाणी पुष्कळ, आणि कांहींहि वाळूं द्यावयाचें नाहीं. एवढें लक्षांत ठेवलें, तर लेप वर्षानुवर्षें टिकेल आणि टायरहि सुखी राहील.

ज्या मुलाची हकीकत आम्हीं आरंभीं सांगितली, त्यानें पुढच्या ईस्टरला तींच चाकें पुन्हां धुतलीं. या खेपेस त्यानें आधीं बाटली वाचली, ब्रशाला तांबडा दोरा बांधला, आणि सावलींत बसून एकेक चाक सावकाश केलें. धुतां धुतां पुढच्या डाव्या टायरच्या नक्षींत रुतलेला एक खिळा त्यास दिसला. तो त्यानें वडिलांस दाखविला. दुसऱ्या दिवशीं पहांटे प्रवासी घेऊन ते घाट उतरणार होते. वडिलांनीं रात्रींच टायर दुरुस्त करून आणला, आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरविला. हातीं पंचा घेऊन शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची कथा आपल्या शाळेंत दर वर्षीं ऐकावयास मिळते. चाकें हे गाडीचे पायच होत. तें काम हलकें मानूं नये, आणि अज्ञानानेंहि करूं नये. ज्याची सेवा करावयाची, त्याचा स्वभाव आधीं ओळखावा, मग हात लावावा. एवढें या लहानशा कामानें शिकविलें, तरी सुटीचा एक दिवस सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.